'वेडा' आणि 'आळशी' : मनोरुग्णाच्या कुटुंबशिक्षणातील भाषेचा प्रश्न

१

मानसिक आजार झालेल्या व्यक्तीच्या कुटुंबाला आधार द्यावा, त्या कुटुंबाला आजाराचे शिक्षण द्यावे आणि हे काम केवळ रुग्णालयाकडे न सोपवता समाजाने उचलावे, हा विचार आता महाराष्ट्रात नवा राहिलेला नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात स्थापन केलेली मानसिक आरोग्यविषयक संस्था आणि डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली पुण्यात सुरू केलेली स्किझोफ्रेनियाविषयक जागृतीची संस्था या दोन्हींच्या कामातून या विषयावरील पुष्कळसे मराठी लेखन, व्याख्याने, आधारगटांची परिभाषा आणि काही चित्रपटही आपल्यासमोर आले आहेत. वाणी हे कॅनडातील कॅलगरी येथे प्राध्यापक होते. पत्नीच्या आजाराच्या दीर्घ अनुभवातून ते या कामाकडे वळले. म्हणजे या चळवळीच्या मुळाशी केवळ वैद्यकीय ज्ञान नव्हते, एका कुटुंबाचा अनुभवही होता.

या लेखनाची समीक्षा आपल्याकडे फारशी झालेली नाही. ते लोकोपयोगी म्हणून त्याची स्तुती होते. वाङ्मयीन नाही म्हणून त्याची उपेक्षा होते. या दोन्ही वृत्ती सोडून त्या लेखनाची भाषा कोणते काम करते आणि कोणते करीत नाही, एवढाच मर्यादित प्रश्न येथे विचारावयाचा आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे : या चळवळीने 'वेडा' या शब्दाविरुद्ध मोठा लढा दिला आणि तो योग्यच होता, परंतु घराच्या चार भिंतींत रुग्णाला अधिक जखमी करणारा शब्द 'वेडा' नसून 'आळशी' हा आहे, आणि त्याच्याशी आपल्या नव्या परिभाषेने अद्याप पुरता सामना केलेला नाही.

२

'वेडा' या शब्दाचा मराठीतील संसार मोठा विलक्षण आहे. आई मुलाला लाडाने वेडा म्हणते. भक्त स्वतःला देवाचे वेड लागले असे अभिमानाने सांगतो. एखाद्या विद्येच्या मागे लागलेल्या माणसाबद्दल हाच शब्द कौतुकाने वापरला जातो. 'पिसे' या जुन्या शब्दाची गतीही अशीच आहे. उलट 'वेड पांघरून पेडगावला जाणे' या वाक्प्रचारात वेड हे पांघरूण आहे, म्हणजे लबाडी आहे. एकाच शब्दात लाड, भक्ती, कौतुक, तुच्छता आणि संशय इतके अर्थ एकत्र नांदतात.

म्हाइंभटकृत गोविंदप्रभुचरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू हे चक्रधरांचे गुरू. महानुभाव पंथाच्या श्रद्धेनुसार ते परमेश्वरावतार. या चरित्रातील त्यांचे वर्तन लौकिक रीतीला सर्वस्वी सोडून आहे. ते कोणाच्याही घरी जातात, हवे ते खातात, मनात येईल तेव्हा रागावतात किंवा खेळतात, आणि गावातले लोक त्यांना वेडे म्हणतात. मात्र तेच गाव त्यांना जेवू घालते, त्यांच्या येण्याजाण्याची सवय करून घेते. गोविंदप्रभूंना आजच्या अर्थाने रुग्ण ठरविण्याचा येथे हेतू नाही. तसे करणे ग्रंथावर आणि श्रद्धेवर दोन्हींवर अन्यायकारक होईल. लक्षात घ्यावयाचे ते गावाचे वर्तन. 'वेडा' हा शब्द उच्चारूनही माणसाला गावात जागा ठेवता येते, याची ही जुनी मराठी नोंद आहे. शब्द कठोर असला म्हणजे वर्तन कठोर असतेच असे नाही.

ही जागा अर्वाचीन काळात आकुंचित झाली. त्याची खूण भाषेतच सापडते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे मनोरुग्णालये उभी राहिली आणि त्यांपैकी काही गावांची नावेच शिवीसारखी वापरली जाऊ लागली. 'याला ठाण्याला पाठवा', 'हा येरवड्याचा आहे' हे उद्गार पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले. पूर्वी वेड हे माणसाचे विशेषण होते. आता ते त्याचे ठिकाण झाले. ज्याला ठिकाण आहे त्याला तेथे नेऊन सोडता येते, आणि घरच्या भाषेतून त्याचा उल्लेखच गाळता येतो. अनेक कुटुंबांत असा एखादा काका किंवा आत्या असते, जिच्याविषयी मुलांना फक्त 'ती बाहेरगावी असते' एवढेच सांगितलेले असते.

३

कायद्याच्या भाषेचा प्रवास याला समांतर आहे. १९१२ च्या कायद्याचे इंग्रजी नाव 'ल्युनसी' या शब्दावर आधारलेले होते आणि त्या शब्दाच्या पोटात चंद्रामुळे माणूस वेडा होतो ही प्राचीन युरोपीय समजूत होती. १९८७ चा कायदा १९९३ साली अमलात आला आणि त्याने हा शब्द टाकून मानसिक आजाराची भाषा स्वीकारली. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात आजारी व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क आहे, आणि सेवांच्या तरतुदीत कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवांचाही उल्लेख आहे.

मात्र दुसरीकडे हिंदू विवाह कायद्याच्या घटस्फोटविषयक तेराव्या कलमात १९७६ च्या दुरुस्तीने जे स्पष्टीकरण घातले, त्यात स्किझोफ्रेनियाचे नाव घेऊन उल्लेख आहे. केवळ निदान झाले म्हणून घटस्फोट मिळत नाही, आजाराचे स्वरूप व तीव्रता पाहावी लागते, हे खरे. तरीही ज्या घरात लग्नाची मुलगी आहे त्या घराला हे नाव प्रथम भेटते ते विवाहाच्या संदर्भात. निदान लपविण्याची प्रवृत्ती केवळ अज्ञानातून येते असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. तिच्यामागे व्यवहाराचा हिशेब असतो. कुटुंबाला शिक्षण देऊ इच्छिणाऱ्याने हा हिशेब ओळखला नाही, तर त्याचे व्याख्यान ऐकले जाईल पण मानले जाणार नाही.

रोगाचे नाव बदलल्याने काही साधते काय, या प्रश्नाला जपानने एक उत्तर दिले आहे. युजेन ब्लॉयलर याने १९०८ साली योजलेल्या 'स्किझोफ्रेनिया' या शब्दाचा जपानी अनुवाद 'मन दुभंगण्याचा रोग' अशा अर्थाचा होता. आपल्याकडील 'छिन्नमनस्कता' हा शब्दही त्याच घडणीचा आहे, आणि एका माणसात दोन माणसे असतात ही चुकीची समजूत त्याने दृढ केली आहे. जपानमधील रुग्णकुटुंबांच्या राष्ट्रीय संघाने १९९३ साली नाव बदलण्याची मागणी केली आणि २००२ मध्ये तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ती मान्य करून 'समन्वयाच्या बिघाडाचा विकार' अशा आशयाचे नाव स्वीकारले. त्यानंतर रुग्णाला त्याचे निदान सांगण्याचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून अल्पावधीतच ७० टक्क्यांच्या जवळपास गेले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मागणी कुटुंबांची होती. आणि नव्या नावाचा सर्वांत स्पष्ट परिणाम डॉक्टरांच्या जिभेवर झाला. जे नाव उच्चारवत नव्हते ते उच्चारता येऊ लागले. घराच्या आतल्या भाषेचे काय झाले, हे या आकड्यावरून समजत नाही.

४

मराठीतील आधारगटांनी दोन शब्द रूढ केले : आजारी व्यक्तीसाठी 'शुभार्थी' आणि तिची काळजी वाहणाऱ्यासाठी 'शुभंकर'. स्किझोफ्रेनियाच्या गटांतून ते पुढे कंपवाताच्या आणि इतर दीर्घ आजारांच्या गटांतही गेले. या जोडीचे श्रेय मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. काळजी वाहणाऱ्या नातेवाइकासाठी मराठीत स्वतंत्र शब्दच नव्हता. तो 'रुग्णासोबतचा माणूस' होता, रुग्णालयाच्या बाकावर बसलेला, कोणी काही न विचारलेला. त्याला नाव मिळाले तेव्हा त्याची गरजही निराळी आहे हे मान्य झाले. शिवाय दोन्ही शब्दांत 'शुभ' हे पद समान असल्याने दोघे एकाच कामातील भागीदार आहेत, असे सूचित होते.

तथापि समीक्षकाने एवढ्यावर थांबू नये. 'अर्थी' या उत्तरपदाचे मराठीतील सोबती पाहावेत : विद्यार्थी, परीक्षार्थी, शरणार्थी, लाभार्थी. यांपैकी विद्यार्थ्याला थोडीफार कर्तृत्वाची जागा आहे. बाकीचे मागणारे, वाट पाहणारे, दुसऱ्याच्या हातून घेणारे आहेत. 'शुभंकर' मात्र करणारा आहे. एकाने इच्छावे आणि दुसऱ्याने करावे, अशी वाटणी शब्दांच्या घडणीतच झाली आहे. प्रत्यक्षात औषध घेणारा, आवाज ऐकू येत असतानाही कामावर जाणारा, स्वतःच्या भयाशी रोज झुंजणारा माणूस हाच सर्वाधिक करीत असतो.

दुसरी अडचण शुभंकराची आहे. हा शब्द ऐकताच दिवेलागणीच्या प्रार्थनेची आठवण होते. अलीकडे क्रीडास्पर्धांच्या बोधचिन्हवजा प्राण्यालाही वर्तमानपत्रे शुभंकर म्हणतात. दोन्ही ठिकाणी तो सदैव प्रसन्न आहे. घरातला शुभंकर मात्र बहुधा एक थकलेली स्त्री असते : आई, पत्नी, बहीण. तिला राग येतो. रात्री तीन वाजता दार वाजले की तिला भीती वाटते. कधी तिच्या मनात असाही विचार येतो, की हा माणूस नसता तर बरे झाले असते. आणि त्या विचाराची तिला लाज वाटते. शुभ करणारी म्हणून जिचे नाव ठेवले तिने हा अशुभ विचार कोठे बोलावा? आधारगटाचे मोल माझ्या मते याच ठिकाणी आहे. तेथे दुसरी स्त्री 'मलाही असेच वाटते' असे म्हणते, तेव्हा तिच्या अंगावरचे नावाचे ओझे उतरते. म्हणजे गट जे काम करतो ते त्याच्या परिभाषेमुळे नव्हे, काही वेळा परिभाषेला बाजूला सारून.

५

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कुटुंबाविषयीच्या मानसशास्त्रीय विचाराचा इतिहास फार सुखाचा नाही. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांच्या लेखनातून आईच्या वागण्यामुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो ही कल्पना पुढे आली. १९५६ साली ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी परस्परविरोधी संदेशांच्या कोंडीचा सिद्धान्त मांडला. सिद्धान्त पुढे टिकले नाहीत, पण एका पिढीतील असंख्य मातांनी स्वतःला गुन्हेगार मानले. १९७९ साली अमेरिकेत कुटुंबांनी आपली राष्ट्रीय संघटना उभारली, तिच्यामागे या आरोपाचा संतापही होता.

याच सुमारास लंडनमध्ये एक निराळी वाट निघाली. जॉर्ज ब्राउन आणि सहकारी यांनी रुग्णालयातून बाहेर पडलेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला. १९५८ साली त्यांना असे आढळले, की आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांपेक्षा भावंडांकडे अथवा भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांची स्थिती बरी राहते. हे निरीक्षण अनपेक्षित होते. पुढील संशोधनाने, विशेषतः १९७२ च्या अभ्यासाने, त्याचा उलगडा केला. रुग्णाच्या अनुपस्थितीत नातेवाइकाची दीर्घ मुलाखत घ्यावयाची आणि त्यातील टीका, वैरभाव व अतिगुंतवणूक मोजावयाची, अशी ही पद्धत. टीका मोजताना केवळ शब्द नव्हे, स्वरही लक्षात घेतला जातो. ज्या घरात हे प्रमाण अधिक, तेथे आजार उलटण्याचा धोका अधिक. ही पद्धत आजाराचे कारण कुटुंबात शोधत नाही. आजाराच्या पुढच्या वाटचालीवर घरातील बोलण्याचा परिणाम होतो, एवढेच ती सांगते. हा फरक सूक्ष्म आहे, पण कुटुंबशिक्षणाची सारी नैतिक भूमी त्यावर उभी आहे.

भाषेच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असे निष्कर्ष त्यानंतरच्या ज्युलियन लेफ आणि क्रिस्टीन वॉन यांच्या कामात आहेत. नातेवाइकांची टीका मुख्यतः कशावर असते? भास, भ्रम, विचित्र बडबड यांवर नव्हे. ती बहुतांशी असते ती न बोलण्यावर, अंथरुणात पडून राहण्यावर, आंघोळ टाळण्यावर, कशातच रस नसण्यावर. भास होत असलेल्या माणसाला घर आजारी मानते आणि म्हणून क्षमा करते. पण औषधाने भास शमल्यावर जी उदासीनता मागे उरते ती आजाराचाच भाग आहे, हे त्याला पटत नाही. तेथे स्वभावाची भाषा सुरू होते : आळशी, हट्टी, निर्लज्ज, नाटकी. 'सगळे कळते याला, फक्त करायचे नाही.' पेडगावच्या वाक्प्रचारातील संशय येथे घरी परत येतो.

म्हणून 'वेडा' हा शब्द रस्त्यावरचा आणि 'आळशी' हा स्वयंपाकघरातला, असे म्हणता येईल. पहिल्याचा उपयोग परका करतो, दुसऱ्याचा प्रेम करणारा. पहिला शब्द असभ्य आहे हे सर्वांना ठाऊक आहे. दुसरा तर सद्गुणाच्या नावाने बोलला जातो. शुभार्थी या नव्या नावाने पहिल्याला उत्तर दिले. दुसऱ्याला उत्तर देण्यासाठी नामे बदलून भागत नाही, क्रियापदे बदलावी लागतात. 'ऊठ, किती लोळशील' याऐवजी 'चहा ठेवला आहे, दहा मिनिटांनी ये' असे म्हणता येणे, एका वेळी एकच काम सांगणे, झालेल्या लहान कामाची नोंद घेणे, झोप मोडू लागली किंवा संशय वाढू लागला की वाद न घालता डॉक्टरांशी बोलणे : कुटुंबशिक्षणाच्या चांगल्या वर्गात हेच शिकविले जाते. हे दिसावयास सामान्य आहे. परंतु वीस वर्षे एका सुरात बोललेल्या घराला सूर बदलणे सोपे नसते, आणि केवळ माहितीपत्रक वाचून तो बदलत नाही. तो दुसऱ्या कुटुंबाला बोलताना ऐकून बदलतो.

भारतीय कुटुंब मुळातच सहनशील असल्याने आपल्याला या शिक्षणाची गरज नाही, असा एक समज आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या चंदीगड येथील अभ्यासात लंडनच्या तुलनेने टीकाखोर नातेवाइकांचे प्रमाण खरोखरच कमी आढळले होते. त्याआधी १९५० च्या दशकात अमृतसर येथे डॉ. विद्या सागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून कुटुंबांना रुग्णासोबत राहावयास लावले आणि उपचाराची रीत त्यांच्यासमक्ष शिकविली; जगातील कुटुंबशिक्षणाच्या आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते. हा आपला खरा वारसा आहे. पण ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे आगीत मृत्युमुखी पडलेले २८ रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते, आणि रुग्णांना अशा ठिकाणी आणून ठेवणारी बहुधा कुटुंबेच असत. सहनशीलतेला आधार मिळाला नाही तर ती संपते. अमृतसरच्या तंबूत कुटुंबाजवळ कोणीतरी होते. एरवाडीला माणूस पोचविणारे कुटुंब बहुधा एकटे पडलेले होते.

६

या पार्श्वभूमीवर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटाकडे पाहावे. वाणी यांच्या पाठबळाने, स्किझोफ्रेनियाविषयी समज वाढावी या हेतूने तो निर्माण झाला. कोकणातल्या देवराईच्या ध्यासात गुंतलेला, बुद्धिमान आणि आजारी शेष ही भूमिका अतुल कुलकर्णी यांनी केली आहे, आणि त्याची विवाहित बहीण सीना ही सोनाली कुलकर्णी यांनी.

देवराईचे रूपक सुंदर आहे. ज्या जंगलाला हात लावावयाचा नाही, ज्यात उजेड कमी आणि जीवन दाट, ते मनाचे चित्र म्हणून प्रेक्षकाला मोहविते. पण रूपकाला स्वतःचे वजन असते. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाला पारितोषिक मिळाले ते पर्यावरणरक्षणाच्या विभागात. परीक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी जे ठळक दिसले ते पाहिले. आजारपणाला अरण्याची गूढता दिली की प्रेक्षकाचे लक्ष आजाराच्या भासमय भागाकडे जाते. तोच भाग नाट्यपूर्ण आहे आणि त्यालाच घरही क्षमा करते. आजारानंतरचे रिकामे, संथ, निरुत्साही दिवस रूपकात मावत नाहीत.

चित्रपटाची खरी शक्ती बहिणीत आहे. भावाला आपल्या संसारात आणणाऱ्या विवाहित स्त्रीपुढे मराठी कुटुंबरचनेने निर्माण केलेला प्रश्न उभा राहतो : सासरच्या घरात माहेरचे दुःख किती मावते? ती शुभंकर आहे, पण प्रसन्न मूर्ती नाही. ती गोंधळते, चिडते, शिकते. ब्राउन यांना लंडनमध्ये भावंडांच्या घरांविषयी जे आढळले त्याचा पुरावा म्हणून ही कथा वापरता येणार नाही; पण आईच्या अपराधभावापासून आणि पत्नीच्या अपेक्षांपासून थोडी दूर असलेली बहीण अधिक स्वच्छ पाहू शकते, ही शक्यता दिग्दर्शकद्वयाने कलावंताच्या नजरेने ओळखली. ज्या दृश्यांत ती समजून घेण्याची धडपड करते त्यांत चित्रपट शिकवितो. जेथे तो समजावून सांगू लागतो तेथे तो माहितीपत्रक होतो.

याच दिग्दर्शकांच्या 'कासव' (२०१६) या चित्रपटात ही उणीव बरीच भरून निघाली आहे. त्याला त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. तेथे निराशेत बुडालेल्या तरुणाला जी स्त्री आश्रय देते ती त्याची नातेवाईक नाही, आणि तिने स्वतः असा आजार भोगलेला आहे. ती त्याला कामाला लावण्याची घाई करीत नाही. त्याच्या गप्प राहण्याला ती आळस म्हणत नाही. समुद्रकिनारी कासवाच्या अंड्यांची राखण करणारी माणसे अंडे फोडून पिल्लू बाहेर काढीत नाहीत, ही साधी गोष्ट येथे रूपक म्हणून कृतीच्या पोटातून आली आहे. 'देवराई'त रूपक आजाराचे होते, 'कासव'मध्ये ते काळजीचे आहे. हा बदल मला महत्त्वाचा वाटतो.

७

वरील विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. नव्या शब्दांची टर उडविणे सोपे आहे आणि ते येथे अभिप्रेत नाही. शुभार्थी आणि शुभंकर हे शब्द ज्यांनी रुजविले त्यांनी शतकाची लाज थोडी हलकी केली. पण शब्द चळवळीत रुजला म्हणजे घरात रुजला, असे समजण्याची चूक होऊ नये. सभेत 'आमचे शुभार्थी' म्हणणारा बाप घरी परतल्यावर मुलाच्या खोलीचे दार कोणत्या शब्दांनी वाजवितो, हे पाहिले पाहिजे.

हे पाहण्याचे काम एकट्या मानसशास्त्र विभागाचे नाही. टीका मोजण्याची लंडनची पद्धत इंग्रजी स्वरांवर बेतलेली आहे. मराठीत टीका पुष्कळदा टोमण्यातून, म्हणीतून, 'अहो'चे 'अरे' होण्यातून, किंवा तिसऱ्याला उद्देशून बोलण्यातून होते. मालवणीत, अहिराणीत, वऱ्हाडीत तिची रूपे निरनिराळी असणार. त्यांचा संग्रह आणि अभ्यास झाला तर आधारगटांना आपल्या भागातील कुटुंबांशी त्यांच्याच बोलीत बोलता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हा विषय प्रबंधासाठी निवडला, तर भाषाशास्त्राची सेवा होईल आणि काही घरांत सकाळी दार थोडे हळू वाजेल.